'आज नको' या दोन शब्दांसाठी

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन
आणि लहान मुलांच्या शस्त्रक्रियांची शिबिरं भरवणाऱ्या सर्व संस्था, ट्रस्ट व मंडळं

विषय : मुलाची शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याचा भूलतज्ज्ञाचा अधिकार, आणि त्या ढकलण्याचा खर्च

स.न.वि.वि.

शिबिर संपलं की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते. इतक्या बालकांवर यशस्वी शस्त्रक्रिया, खाली मान्यवरांची नावं, बाजूला फोटो. किती मुलांना त्या दिवशी परत पाठवलं, हे त्या बातमीत कधीच नसतं. हे पत्र त्या परत पाठवलेल्या मुलांबद्दल आहे. आणि परत पाठवायला हवं होतं, पण मी पाठवलं नाही, अशा एका मुलाबद्दलही.

मी भूलतज्ज्ञ आहे. गेली सव्वीस वर्षं तालुक्याच्या गावांतल्या पाच-सहा दवाखान्यांत फिरून भूल देते. गाडीच्या डिकीत माझी पेटी असते आणि तिच्यातला एक कप्पा फक्त मुलांचा आहे : अगदी लहान मास्क, श्वासनलिकेत घालायच्या साडेतीन आणि चार नंबरच्या ट्यूबा, आणि एक 'जेआर', म्हणजे बाळाला हाताने श्वास द्यायची नळी आणि पिशवी. मुलाची केस असली की सिस्टर न सांगता विचारतात, "मॅडम, जेआर काढू?"

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका संस्थेचं शिबिर होतं. लिस्टवर चौदा मुलं, बहुतेक हर्निया आणि हायड्रोसीलची. पाचवा मुलगा चार वर्षांचा. रात्रीपासून उपाशी, रडून रडून थकलेला, नाकातून पाणी वाहतंय. आई म्हणाली, "कालपासनं जरा नाक गळतंय मॅडम, ताप न्हाई." मी छाती तपासली, स्वच्छ होती. तरी मी म्हटलं, याचं आज नको. दोन आठवड्यांनी करू.

आयोजक दारातच उभे होते. ते वाईट माणूस नव्हते; त्या शिबिरासाठी त्यांनी महिनाभर पायपीट केली होती. ते म्हणाले, "मॅडम, दुपारी पाहुणे येणार आहेत, चौदाचा आकडा दिलाय. आणि ही बाई दोन एसट्या बदलून आलीय, परत येणार आहे का?" सर्जन घड्याळाकडे बघत होते. आईनेच हात जोडले, "करून टाका मॅडम, परत सुट्टी न्हाई मिळत." मी 'बरं' म्हटलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. शेवटी ट्यूब काढली आणि त्याचा घसा मिटला. स्वरयंत्राचा आकस, आम्ही त्याला स्पाझम म्हणतो. छाती हलते, पोट आत ओढलं जातं, आणि आवाज काहीच येत नाही. मूल श्वास घेण्यासाठी झगडतं आणि हवा आत जात नाही. पल्स ऑक्सिमीटरचा सूर सॅच्युरेशनबरोबर खाली उतरतो. तो उतरता सूर ज्याने एकदा ऐकला आहे त्याला तो घरी झोपेतही ऐकू येतो. नव्वद, ऐंशी, बहात्तर. मास्क घट्ट धरून दाबाने ऑक्सिजन दिला, मग स्कोलिन हे स्नायू झटकन ढिले करणारं औषध दिलं, पुन्हा ट्यूब टाकली. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं असतील. मुलगा वाचला, संध्याकाळी बिस्किट खाल्लं, दुसऱ्या दिवशी घरी गेला. आई माझ्या पाया पडायला आली. आत काय झालं ते मी तिला सांगितलं नाही. ते मी आज लिहिते आहे, कारण चूक माझी होती आणि ती पुन्हा कोणाकडूनही घडू शकते अशीच आपली व्यवस्था आहे.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात, पण थिएटरच्या बाहेर ते कोणाला माहीत नसतं. किलोमागे बाळाला मोठ्या माणसाच्या जवळपास दुप्पट ऑक्सिजन लागतो, आणि फुप्फुसातला साठा मात्र तुटपुंजा. त्यामुळे श्वास अडला की मोठा माणूस काही मिनिटं तग धरतो, बाळ सेकंदांत निळं पडतं. पाच किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण ४०० मिलिलिटर रक्त असतं. दोन चहाचे कप सांडले तर बाळातलं निम्म्याहून अधिक गेलं. नवजात बाळाची श्वासनलिका जेमतेम चार सेंटिमीटर लांब. ट्यूब एक सेंटिमीटर आत सरकली तर एकाच फुप्फुसात जाते, एक सेंटिमीटर बाहेर आली तर निघून येते. या सगळ्या हिशेबात सर्दी म्हणजे 'जरा नाक गळतंय' इतकी साधी गोष्ट राहत नाही. सर्दीच्या विषाणूने घशाचं आणि श्वासनलिकेचं अस्तर सुजतं, तिथल्या नसा चिडलेल्या असतात, आणि ट्यूबचा किंवा लाळेचा नुसता स्पर्श झाला तरी घसा मिटून घेतो.

हे मी माझ्या भीतीपोटी लिहीत नाही. ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात ब्रिटा फॉन उंगर्न-स्टर्नबर्ग नावाच्या बालभूलतज्ज्ञ आहेत. त्या देशातलं बालभूलशास्त्राचं पहिलं प्राध्यापकपद त्यांच्याकडे आलं. त्यांचं जवळजवळ सगळं आयुष्य एका प्रश्नावर गेलं आहे : भुलेत मुलाचा श्वास का अडतो, आणि कोणाचा अडेल हे आधी कसं ओळखायचं? २०१० साली त्यांचा एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. वर्षभरात त्यांच्या मुलांच्या हॉस्पिटलात भूल दिलेल्या मुलांच्या ९,२९७ नोंदी त्यात होत्या. शंभरातल्या पंधरा मुलांना श्वासाचा काही ना काही त्रास झाला. सुसज्ज हॉस्पिटल, मुलांचंच हॉस्पिटल, तरी पंधरा.

त्या अभ्यासात महागडं यंत्र नव्हतं. आईवडिलांना विचारलेले प्रश्न होते. रात्री कोरडा खोकला येतो का? पळताना-खेळताना छातीत घरघर होते का? गेल्या वर्षभरात तीनपेक्षा जास्त वेळा घरघर झाली का? अंगावर इसब आहे किंवा होता का? घरातल्या दोघा-तिघांना दमा, ॲलर्जी, किंवा विडी-सिगारेट आहे का? (मी आपल्याकडे चुलीचंही विचारते.) आणि सर्दी. सर्दी चालू असेल किंवा गेल्या दोन आठवड्यांत झालेली असेल तर धोका वाढतो. दोन आठवडे उलटल्यावर तो पुन्हा खाली येतो. आम्हाला पूर्वी सहा आठवडे थांबा असं शिकवलं जायचं. वर्षाला सहा-सात सर्द्या होणाऱ्या पोराला सहा आठवड्यांचा कोरडा मुहूर्त मिळणार कुठून? म्हणून केस पुढे ढकलली की ती कायमचीच राहायची, आणि म्हणूनच लोक 'करून टाका' म्हणायचे. दोन आठवडे ही मुदत मात्र कोणालाही पाळता येते. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासाची सर्वात मोठी देणगी हीच.

त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. भूल देणारी व्यक्ती मुलांच्या भुलेत तयार झालेली असेल तर त्रास कमी होतो. शिकाऊ हातात तो जास्त होतो. पुढे २०१७ मध्ये युरोपातल्या ३३ देशांतल्या २६१ रुग्णालयांनी मिळून ३१,१२७ भुलेच्या प्रसंगांची नोंद केली. त्यातही हेच दिसलं. गंभीर प्रसंगांचं प्रमाण ५.२ टक्के, आणि टीममधल्या सर्वात ज्येष्ठ भूलतज्ज्ञाच्या अनुभवाची वर्षं वाढली की धोका उतरतो.

पर्थची ही टीम तिथे थांबली नाही. २०१७ साली त्यांनी तान्ह्या बाळांमध्ये ट्यूबऐवजी घशात बसणारा मास्क वापरून पाहिला. १८१ बाळं; ट्यूबच्या गटात त्रास ५३ टक्क्यांना, मास्कच्या गटात १८ टक्क्यांना. २०१९ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी मुलांना साल्ब्युटामॉलचा पंप देऊन पाहिला. तोच पंप, जो आपल्याकडे दम्याच्या आजोबांच्या खिशात असतो. पंप न दिलेल्या मुलांपैकी ४८ टक्क्यांना श्वासाचा त्रास झाला, दिलेल्यांपैकी २८ टक्क्यांना. इतक्या स्वस्त औषधाने इतकी मुलं वाचतात हे वाचलं तेव्हा मी उठून पेटीत पंप टाकला. झोपेच्या औषधाची कडू चव लपवायला त्यांनी चॉकलेटची गोळीही तयार केली. आम्ही अजून ते औषध गोड सिरपमध्ये कालवतो आणि पोर तोंड वाकडं करून अर्धं थुंकतं. मोठा शोध आणि छोटी गोळी यांना सारखाच मान देणारी ही संशोधनाची रीत मला फार जवळची वाटते. मुलाला घाबरवून झोपवलं की ते रडतं, रडलं की घशात लाळ साचते, आणि लाळ साचली की घसा चिडतो. सगळं एकाच माळेतलं आहे.

आता त्या जेआरबद्दल. मुलाची केस असली की आमच्या थिएटरात दहादा उच्चारली जाणारी ही अक्षरं एका माणसाच्या नावाची आहेत, हे खूप सिस्टरांना माहीत नसतं. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला फिलिप आयर नावाचे भूलतज्ज्ञ होते. दुभंगलेल्या ओठाच्या आणि टाळूच्या बाळांना ते भूल देत. स्वतः आयर तसाच ओठ आणि टाळू घेऊन जन्माला आले होते. त्या काळच्या यंत्रांतल्या झडपा ढकलून ढकलून बाळं दमून जायची, राखेसारखी पडायची. १९३७ मध्ये आयर यांनी झडपच काढून टाकली आणि इंग्रजी टी अक्षरासारखी साधी नळी बसवली. १९५० मध्ये लिव्हरपूलच्या गॉर्डन जॅक्सन रीस यांनी (हेच ते 'जेआर') त्या नळीला शेपटी उघडी असलेली एक पिशवी जोडली. बस, एवढंच. पण त्या पिशवीमुळे बाळाचा श्वास भूलतज्ज्ञाच्या तळहातात आला. श्वास कधी हलका होतो, कधी अडतो, कधी घसा मिटू लागतो, हे मॉनिटरच्या आधी बोटांना कळतं. मीही तो कित्येकदा हातात धरला आहे आणि त्या हाताने सांगितलेलं कधी खोटं ठरलेलं नाही.

माझं म्हणणं इतकंच आहे की तो श्वास हातात धरणाऱ्या माणसाचं ऐका.

आईवडील आम्हाला एक प्रश्न नेहमी विचारतात : भुलेने पोराची बुद्धी मंद होईल का? ही भीती अगदीच निराधार नव्हती. उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत मेंदूच्या पेशी मेलेल्या दिसल्या होत्या. म्हणून मेलबर्नचे अँड्र्यू डेव्हिडसन आणि बॉस्टनच्या मेरी एलन मॅककॅन यांनी सात देशांतल्या २८ रुग्णालयांत हर्नियाची ७२२ तान्ही बाळं घेतली. काहींना पूर्ण भूल, काहींना जागेपणी पाठीत इंजेक्शन. पूर्ण भुलेचा काळ साधारण ५४ मिनिटं. बाळं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला, आणि दोन्ही गटांत फरक निघाला नाही. हा निकाल २०१९ मध्ये आला. तेव्हापासून मी आईला छातीवर हात ठेवून सांगते, एका छोट्या ऑपरेशनच्या भुलेने तुमच्या लेकराच्या डोक्याला काही होणार नाही. म्हणजे धोका त्या तासाभराच्या औषधात नाही. धोका श्वास अडलेल्या दोन मिनिटांत आहे, आणि ती दोन मिनिटं टाळण्याचा सर्वात खात्रीचा उपाय पुष्कळदा आदल्या दिवशी, तपासणीच्या टेबलावर असतो.

प्रश्न विचारणाऱ्या एका माणसाने काय होतं याचं आणखी एक उदाहरण आपल्या शेजारचं आहे. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत आनंद ऑक्सफर्डला गेले, तेव्हा अपुऱ्या दिवसांची बाळं ऑपरेशनहून परत येताना इतकी खालावलेली का असतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. त्या काळी अशा बाळांना वेदना फारशी कळत नाही असं मानत, आणि स्नायू ढिले करायचं औषध व थोडासा नायट्रस ऑक्साइड वायू यांवर भागवत. आनंद आणि सहकाऱ्यांनी हृदयाजवळची रक्तवाहिनी बांधायच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १६ बाळांपैकी निम्म्यांना नेहमीच्या भुलेसोबत फेंटानिल हे जोरदार वेदनाशामक दिलं. ज्यांना दिलं नव्हतं त्यांच्या शरीरावरचा ताण कितीतरी जास्त होता आणि गुंतागुंतीही जास्त झाल्या. १९८७ मध्ये हे छापून आलं आणि नवजात बाळाची भूल जगभर बदलली. इतक्या ज्ञानी लोकांत एक जण म्हणाला, थांबा, हे बरोबर नाही.

आता मागणीकडे येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरला झाली. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातात. हर्निया, दुभंगलेला ओठ, हृदयाचं छिद्र असलेली मुलं तीच शोधून आणतात. हे काम मोठं आहे आणि मी त्याची साक्षीदार आहे. ज्या पोराचा ओठ दहाव्या वर्षीही तसाच राहिला असता तो आता पहिलीत जायच्या आधी शिवला जातो. या पथकांच्या रेफरल चिठ्ठीवर पर्थच्या प्रश्नांच्या पाच ओळी छापा. डॉक्टरच लागत नाही, नर्सताई विचारू शकतात. मूल आमच्यापर्यंत पोचेल तेव्हा अर्धं काम झालेलं असेल.

दुसरं, मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं. शिबिराच्या अहवालात 'पुढे ढकलले' असा रकाना असू द्या, आणि त्यात आकडा असणं ही नामुष्की मानू नका. पण नुसता रकाना पुरणार नाही. त्या दिवशी मी 'बरं' का म्हटलं याचा मी खूप विचार केला आहे. पाहुण्यांच्या भीतीने नाही. त्या आईच्या जोडलेल्या हातांनी. माझ्या 'आज नको'ची किंमत मी भरत नव्हते, ती भरत होती : बुडालेला रोज, दोन एसट्यांचं भाडं, घरी ठेवलेलं दुसरं लेकरू, सासूची बोलणी. जोवर 'आज नको'चा खर्च सर्वात गरीब माणसाच्या पदरात पडतो तोवर कोणताही भूलतज्ज्ञ मोकळ्या मनाने तो शब्द उच्चारणार नाही. म्हणून मूल पुढे ढकललं की त्याच दिवशी, त्याच टेबलावर, आईच्या हातात तीन गोष्टी ठेवा : पुढची नक्की तारीख, जाण्यायेण्याचं भाडं, आणि एका दिवसाची मजुरी. चहा-नाश्ता आणि मंडपाच्या मानाने ही रक्कम किती लहान आहे, हे हिशेब ठेवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

'आज नको' म्हणणारा भूलतज्ज्ञ 'आजच' असंही म्हणतो, हे विसरू नये. तान्ह्या बाळाचा हर्निया अडकू लागला असेल तर थोडीफार सर्दी असली तरी थांबणं धोक्याचं ठरतं. तेव्हा धोका कोणता मोठा हे तोलूनच ठरवावं लागतं, आणि गरज पडल्यास मीच मुलाला गाडीत घालून मोठ्या हॉस्पिटलात पाठवते. वर्षाच्या आतली बाळं शिबिराच्या लिस्टवर नकोतच. त्यांची जागा तिथे, जिथे मुलांना रोज भूल देणारे हात आहेत.

आमच्यासारख्या तालुक्यातल्या भूलतज्ज्ञांचे हातही ताजे राहायला हवेत. मला महिन्यातून पाच-सहा मुलांच्या केस मिळतात, कधी तेवढ्याही नाहीत. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ पासून उभं आहे. अशा मुलांच्या रुग्णालयांत दर दोन वर्षांनी दोन आठवडे काम करायची सोय शासनाने केली, तर मी पहिल्या दिवशी नाव देईन. माझ्या वयाचे आणखी कितीतरी जण देतील. आमच्यात शिकायची लाज नाही, पण बंद दवाखान्याचे पंधरा दिवस कोण भरून देणार हा प्रश्न आहे.

उपाशी ठेवण्याबद्दल एकच सांगते. जेवण सहा तास, आईचं दूध चार तास, स्वच्छ पाणी दोन तास, हा हिशेब आम्ही कधीपासून सांगतो. २०१८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपातल्या बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी तर पाण्याची मुदत एका तासावर आणली. आणि आपल्या शिबिरात पोर आदल्या रात्री आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंत कोरडं असतं, कारण कोणीतरी सरसकट सगळ्यांना 'सकाळी काही द्यायचं नाही' म्हणून सांगितलेलं असतं. लिस्टच्या क्रमाने प्रत्येक आईला पाण्याची वेळ कागदावर लिहून द्या. सगळ्यात लहान मूल पहिलं घ्या. याला पैसा लागत नाही.

माझ्या भागातलं पुढचं शिबिर दिवाळीनंतर आहे असं ऐकलं. थंडी पडायला लागलेली असेल, निम्म्या पोरांची नाकं वाहत असतील. आदल्या दिवशी दुपारपासून मी तपासणीला येऊन बसेन, त्याचे पैसे नकोत. मला एक टेबल, एक वजनकाटा आणि आईला बसायला खुर्ची हवी. भाड्याचे आणि मजुरीचे लिफाफे मात्र आधीच तयार असू द्या.

आपली,
एक भूलतज्ज्ञ